यान झेनचिंगचं अक्षर एवढं भारी का मानतात? (चायनीज कॅलिग्राफीवाले, मदत करा)

बोरूबहाद्दर

नमस्कार मंडळी. देवनागरी कॅलिग्राफी बरीच वर्षं करतोय, बोरू आणि कट निब दोन्ही, अधूनमधून मानपत्रं, लग्नपत्रिका, घराच्या पाट्या अशी कामंही घेतो. सध्या हौस म्हणून एका ऑनलाइन क्लासला चायनीज ब्रश शिकायला लागलोय. भाषा येत नाही, येणारही नाही, फक्त हाताला वेगळं काहीतरी वळण लागावं एवढीच इच्छा.

तर क्लासमधल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात गिरवायला यान झेनचिंग नावाच्या माणसाचा शिलालेख दिला. तांग राजवट, आठवं शतक. काळ्यावर पांढरी अक्षरं. खरं सांगू का, मला काही ते झेपलं नाही. जाडजूड, चौकोनात ठासून भरलेली, सगळी एका मापाची, जणू कुणीतरी फाँट टाइप केलाय. त्याच वेळी चौथ्या शतकातल्या वांग शीझीचे नमुने बघितले तर ते कसले सुंदर आहेत, हलके, तिरपे, वाहते. पण बाई म्हणतात वांग नंतर, आधी यान. आणि वर त्याच माणसाचा म्हणून एक कागद दाखवला ज्यात खाडाखोड, डाग, कोरडा ब्रश घासलेला, आणि तो म्हणे जगातला दोन नंबरचा लेख!! म्हणजे एकीकडे इस्त्री केल्यासारखं आणि दुसरीकडे रफ वही, हा एकच माणूस?

अजून एक शंका. नेटवर त्याच्याबद्दल जे काही वाचलं त्यात अर्ध्याहून जास्त मजकूर तो किती निष्ठावान होता, कसा मारला गेला यावरच आहे. मग लोक अक्षराला मानतात की हुतात्म्याला? जाणकारांनी प्रकाश टाकावा. शिव्या घातल्या तरी चालतील.

काळी_शाई

शिव्या कशाला, हा प्रश्न चीनमध्ये हजार वर्षं चाललाय.

आधी हाताचं बोलू कारण तुम्ही बोरूवाले आहात आणि गोंधळ तिथूनच होतोय असं मला वाटतं. आपल्याकडे जाड-बारीक कशानं होतं? कटाच्या कोनानं. बोरू ठराविक कोनात धरला की उभी रेघ एक जाडीची, आडवी दुसऱ्या जाडीची आपोआप येते, हातानं दाब बदलायची गरज फारशी पडत नाही. चायनीज ब्रश गोल आणि टोकदार, त्याला कोन असा नसतोच, जाडी येते ती दाबातून, म्हणजे ब्रश कागदावर किती बसवला आणि किती उचलला यातून. त्यामुळे यानच्या उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक दिसतात त्या प्रत्येक रेघेला दाब मुद्दाम बदलून आणलेल्या आहेत. हे लक्षात घेऊन परत बघा, तो फाँट दिसायचा थांबेल.

दुसरं, टोक. यानच्या रेघेत ब्रशचं टोक रेघेच्या बरोबर मधून चालतं आणि सुरुवात करताना ते आत दडवतात, म्हणजे उजवीकडे जायचं असेल तर आधी जरासं डावीकडे शिरायचं आणि मग वळून निघायचं. त्यामुळे रेघेच्या दोन्ही कडा सारख्या, आणि रेघ चपटी न वाटता गोल, भरीव वाटते. हे त्यानं जुन्या मुद्रालिपीतून उचललं, ती ख्रिस्तपूर्व काळातली लिपी, तिथे सगळ्या रेघा अशाच गोल आणि एकसारख्या जाडीच्या असतात. वांग शीझीच्या रेघेत टोक पुष्कळदा एका कडेला उघडं दिसतं, त्यामुळेच ती चमकते, सुरीसारखी कापते. दोन्हींचा हेतूच निराळा.

तिसरं म्हणजे मोकळी जागा. चौकटीसारखं अक्षर असेल तर त्याच्या दोन उभ्या रेघा बघा, यानच्या बाहेर फुगतात, कंसासारख्या. त्याच्या आधीच्या ओउयांग श्युनच्या आत झुकतात, कंबर आवळल्यासारख्या. त्यामुळे ओउयांगचं अक्षर उंच, सडपातळ, कडक दिसतं आणि यानचं आतून दाबून बाहेर ढकलल्यासारखं. त्यात तो मधला भाग रिकामा ठेवतो आणि वजन कडांना देतो. म्हणून लांबून, उंचावर लावलेल्या पाटीवर वाचायला त्याचंच अक्षर सगळ्यात बरं पडतं, पाट्या तुम्ही करता म्हणून सांगतेय.

आणि उजवीकडे खाली उतरणारी जी तिरकी जाड रेघ आहे ना, तिच्या शेवटी एक छोटी खाच पडून मग टोक निघतं. त्याला पाकोळीची शेपटी म्हणतात, आणि आडव्या रेघेच्या गोल सुरुवातीला रेशीमकिड्याचं डोकं. नवशिके सगळे आधी हीच खाच गिरवायला धावतात आणि तिथेच अडकतात, कारण ती वेगळी काढायची गोष्ट नाहीये, ब्रश दाबून थांबवला आणि मग उचलत बाहेर काढला की ती आपसूक पडते.

तुम्हाला जो दिलाय तो बहुधा प्रभूतरत्न स्तूपाचा लेख असणार, इसवी सन ७५२, तांग राजधानी चांगआनच्या (आजचं शीआन) एका बौद्ध मठातला, आता शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रात जमिनीतून वर येणारा जो रत्नांचा स्तूप आहे तोच हा, चूचिन नावाच्या भिक्षूला पठण करताना त्याचं दर्शन झालं आणि त्यानं खरोखरचा बांधला. हा लेख लिहिला तेव्हा यान चाळिशी ओलांडलेला होता पण त्याच्या पुढच्या कामाच्या मानानं हे तरुणपणातलंच अक्षर, नीटनेटकं, नियमात बसवलेलं. तुम्हाला फाँट वाटला यात तुमचं फार चुकलं नाही. याच्या जोडीला सत्तरीत लिहिलेला यान छिनलीचा लेख बघा, छिनली म्हणजे त्याचे पणजोबा. तिथे तोच माणूस मोकळा सुटलाय.

नाशिकचा_इतिहासवेडा

वाचनखूण साठवली! काळी_शाई ताई, मस्त.

मी कॅलिग्राफीतला नाही पण तो हुतात्मा वगैरे भाग सांगतो, कारण तो कळल्याशिवाय त्या खाडाखोडीच्या कागदाला अर्थ नाही.

यान झेनचिंग ७०९ सालचा, विद्वानांचं घराणं, घरात पिढ्यानपिढ्या लिपी, व्याकरण, जुने ग्रंथ हाच उद्योग. ७३४ ला सर्वोच्च परीक्षा पास, दरबारात नोकरी, पण प्रधान यांग ग्वोचुंगशी पटेना म्हणून त्याला उचलून पिंगयुआनला पाठवलं, आजच्या शानतुंगमध्ये. तो भाग आन लूशान नावाच्या बलाढ्य सेनापतीच्या प्रभावाखालचा. यानला वास आला की हा बंड करणार, तर त्यानं काय केलं, पावसाळ्याचं निमित्त काढून तटबंदी दुरुस्त करून घेतली, खंदक खोल केले, धान्य भरलं, आणि वरकरणी मात्र पाहुण्यांबरोबर नौकाविहार आणि कविता चालू. आन लूशानला वाटलं पुस्तकी किडा आहे, सोडा. ७५५ च्या शेवटी बंड झालं आणि उत्तरेकडचे जिल्हे पत्त्यासारखे पडले, पिंगयुआन टिकलं. सम्राट श्वानचुंग म्हणाला होता की त्या चोवीस जिल्ह्यांत एकही निष्ठावंत नाही का, आणि मग यानची बातमी पोचल्यावर म्हणाला, हा माणूस दिसतो कसा तेही मला माहीत नाही आणि यानं एवढं केलं!

त्याचा चुलतभाऊ यान गावछिंग चांगशानला अधिकारी होता, तोही उलटला बंडखोरांवर. पण ७५६ च्या सुरुवातीला शहराला वेढा पडला, थाययुआनच्या सेनापतीकडे मदत मागितली, त्यानं पाठवली नाही. शहर पडलं. गावछिंगच्या मुलाचं, यान चीमिंगचं, डोकं उडवलं, आणि गावछिंगला लुओयांगला नेऊन आन लूशानसमोर उभं केलं तर हा त्याला तोंडावर शिव्या घालत राहिला, शेवटी जीभ कापली आणि हालहाल करून मारला. घराण्यातले तीसहून अधिक जण गेले असं सांगतात. दोन वर्षांनी, ७५८ ला, यान झेनचिंगनं गावछिंगच्या दुसऱ्या एका मुलाला अवशेष शोधायला पाठवलं. पुतण्याचं फक्त डोकं मिळालं. त्या डोक्याच्या अंत्यविधीला वाचायचं म्हणून जे लिहिलं त्याचा कच्चा खर्डा म्हणजे तुमचा तो डागाळलेला कागद.

पुढे त्याचा स्वतःचा शेवट पण तसाच. ७८३ ला ली शीलिए नावाच्या दुसऱ्या बंडखोराकडे बोलणी करायला कुणाला पाठवायचं असा प्रश्न आला, प्रधान लू छीला हा म्हातारा नकोसा झालेला, त्यानं याचंच नाव पुढे केलं. सत्तरीच्या पुढचा माणूस. सगळ्यांना कळत होतं की हा परत येत नाही, त्यालाही. तिकडे त्याला कोंडलं, अंगणात खड्डा खणून दाखवला, जाळ पेटवला, ऐक नाहीतर आत टाकतो, तर हा स्वतःच जाळाकडे चालायला लागला आणि त्यांच्याच माणसांना त्याला अडवावं लागलं. मग तिथेच बसून स्वतःचं मृत्युलेखन करून ठेवलं, स्वतःच्या श्राद्धाचा मजकूर पण स्वतःच. शेवटी गळा आवळून मारला, साधारण ७८५.

तिरकस_वाचक

इतिहासवेडा साहेब, गोष्ट जबरदस्त सांगितलीत पण धागाकर्त्याचा मूळ प्रश्न तसाच राहिला. अक्षर की हुतात्मा? मी जरा वाकडं बोलतो.

तांग काळात यान नामांकित होताच, पण त्याला वांग शीझीच्या शेजारच्या खुर्चीवर नेऊन बसवलं ते सुंग काळातल्या लोकांनी, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अडीच-तीनशे वर्षांनी. का? कारण वांग शीझी हा राजदरबाराचा लाडका होता. तांग सम्राट थायचुंगला त्याचं एवढं वेड की ३५३ सालचा त्याचा तो प्रसिद्ध लेख, ऑर्किड मंडपाचा, म्हणे तो थडग्यात सोबत घेऊन गेला. तेव्हापासून दरबारी अक्षर म्हणजे वांगचं वळण. सुंग काळात परीक्षा देऊन वर आलेले अधिकारी, ओउयांग श्यू (वरचा ओउयांग श्युन नव्हे) वगैरे मंडळी, त्यांना दरबारी नजाकतीच्या समोर उभा करायला एक आपला माणूस हवा होता, कणा असलेला. यान आयताच मिळाला. ओउयांग श्यू सरळ लिहितो की याचं अक्षर निष्ठावंत मंत्र्यासारखं आहे, आधी बघून दडपण येतं आणि मग जसजसं बघाल तसतसं आवडतं. त्याच काळातला कवी सू शी म्हणतो कविता तू फूपाशी, गद्य हान यूपाशी, चित्र वू ताओत्झपाशी आणि अक्षर यानपाशी येऊन पोचलं, पुढे बदलायला काही उरलं नाही. आता ही यादी बघा की राव, ही कलेची यादी आहे तेवढीच एका पिढीच्या आदर्शांची पण आहे.

आणि विरोधी पक्ष पण तगडा आहे. दक्षिण तांग या तांगनंतरच्या छोट्या राज्याचा शेवटचा राजा ली यू, उत्तम कवी, तो म्हणाला की यानचं अक्षर म्हणजे हात जोडून पाय रोवून उभा राहिलेला खेडवळ शेतकरी. सुंग काळातला कॅलिग्राफर मी फू तर त्याहून खवचट. यानच्या कोरीव लेखांवर त्याची टीका अशी की हा घरच्या नोकराकडून दगड कोरून घ्यायचा आणि तो नोकर मालकाला काय आवडेल या हिशोबानं रेघांची टोकं सजवायचा, त्यामुळे मूळ हात राहिलाच नाही. शेपटीबिपटी जे तुम्ही लोक गिरवताय त्यातलं किती ब्रशचं आणि किती छिन्नीचं, हा प्रश्न त्यानं नऊशे वर्षांपूर्वी विचारून ठेवलाय. गंमत म्हणजे त्याच मी फूला यानचं एक पत्र प्रचंड आवडायचं, ७६४ सालचं, ज्यात यान एका वरिष्ठाला झापतोय की दरबारी समारंभात एका खोज्याला खूश करायला तू बसण्याची व्यवस्था बदललीस. ते पत्र रागात लिहिलंय, सजवायला वेळच नव्हता.

चारित्र्य आणि अक्षर यांची गाठ मारायची खोड पुढेही गेली नाही. ल्यू गोंगच्युआन, यानच्या पुढच्या पिढीतला, त्याला सम्राटानं विचारलं ब्रश सरळ कसा धरायचा, तर म्हणाला मन सरळ असेल तर ब्रश सरळ राहतो. सम्राट म्हणे गोरामोरा झाला. १६४४ ला मिंग राजवट पडली, त्यानंतरचा फू शान नावाचा माणूस, तो तरुणपणी झाओ मेंगफूचं गोड अक्षर गिरवायचा, पण झाओ हा सुंग राजघराण्यातला असून मंगोलांची चाकरी केलेला, म्हणून फू शानला त्याच्या अक्षराचाच वीट आला आणि तो यानकडे वळला. मग त्याचं ते प्रसिद्ध मत, चलाख असण्यापेक्षा ओबडधोबड बरं, लाडिक असण्यापेक्षा कुरूप बरं. म्हणजे राज्य बुडालं की यानचा भाव वधारतो असा काहीसा हिशोब आहे.

माझं म्हणणं, अक्षर चांगलं आहेच, पण मरण वाईट आलं नसतं तर आज तो चांगल्या दहा जणांतला एक असता.

काळी_शाई

@तिरकस_वाचक, नाही पटलं. निष्ठेनं मेलेले लोक चीनच्या इतिहासात पोत्यानं आहेत, त्यातल्या कितींचं अक्षर पोरं रोज गिरवतात? उलट बाजूनं तुमचा मुद्दा खरा आहे, वाईट माणसाला शिक्षा होते. साई चिंग अप्रतिम लिहायचा पण भ्रष्ट प्रधान म्हणून बदनाम, तर सुंगच्या चार मोठ्या कॅलिग्राफरांमध्ये 'साई' म्हणून आधी तोच होता आणि मागाहून त्याच्या जागी साई श्यांगला घातलं असं म्हणतात. पण चांगुलपणामुळे कुणाचं ढिसाळ अक्षर हजार वर्षं टिकलंय असं एक उदाहरण द्या.

आणि छिन्नीचं म्हणाल तर स्तूपाच्या लेखाचा कोरणारा घरचा नोकर नव्हता, त्याचं नाव शी ह्वा, दगडावरच लिहिलेलं आहे. म्हणजे मी फूची तक्रार सरसकट लागू होत नाही. शिवाय २०२० मध्ये शाआनशी प्रांतात (शीआन जिथे आहे तोच) एका थडग्यात ७४६ सालचा मृत्युलेख सापडला, लुओ वानशुन नावाच्या बाईचा, यानच्या हातचा, सहीसकट. तो बघितला तर रेघा बारीक, सडपातळ, अजून जुन्या उस्तादांच्या सावलीतल्या. ७४६ ते ७५२ ते ७७९, ही तीन ठिकाणं शेजारी ठेवा, माणूस हळूहळू रुंदावत, जाडावत कसा गेला ते डोळ्यांनी दिसतं. हे बंडाच्या आधीच सुरू झालंय, तेव्हा हुतात्मा वगैरे काही नव्हतं.

टोकियोत_सध्या

खर्ड्याबद्दल लिहितो कारण तो प्रत्यक्ष बघितलाय.

मूळ कागद तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात असतो आणि फार क्वचित बाहेर काढतात, ज्या वस्तू नाजूक म्हणून मोजकेच दिवस दाखवायच्या अशा यादीत तो आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०१९ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात यानवर मोठं प्रदर्शन झालं तेव्हा तो इकडे आला होता. त्यावरून चीनमध्ये सोशल मीडियावर नुसता भडका, तैवाननं जपानला दिलाच कसा, एवढा जुना कागद, इतिहास बघता जपानलाच का, वगैरे. आणि तरी चीनमधून लोक विमानानं येऊन रांगेत उभे होते. आत गेल्यावर थांबू देत नाहीत, गार्ड हळू आवाजात पुढे चला पुढे चला म्हणत राहतात, म्हणून मी परत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

फोटोत तो भला मोठा वाटतो. प्रत्यक्षात फूटभर उंचीचा सुद्धा नाही, लांबीला पाऊण मीटरच्या आसपास. अक्षरं जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे. पण मागेपुढे पुढच्या मालकांचे शेरे आणि शिक्के एवढे जोडलेत की गुंडाळी भली लांब होते.

सुरुवात बघा, उजवीकडून. तारीख, मग स्वतःची पदव्यांची लांबलचक माळ, अमुक जिल्ह्याचा अधिकारी, तमुक सरदार. इथे हात ठीक आहे, सरकारी सवयीचा. तरी स्वतःच्याच पदवीतलं एक अक्षर गाळून बसलाय. मग पुतण्याबद्दल, लहानपणापासून किती गुणी होतास, घराचं रत्न होतास, इथपर्यंत ओळी बऱ्यापैकी सरळ. मग बंडाचं आलं की खोडायला सुरुवात. मदत न पाठवणाऱ्या सेनापतीच्या ओळीत तर लिहिलंय, खोडलंय, बाजूला परत लिहिलंय. 'बाप पकडला, मुलगा मेला, घरटं उलथलं, अंडी फुटली', हे जिथे आहे तिथे ब्रश सुकलेला आहे, शाई घ्यायला थांबलेलाच नाही, रेघ फाटून आतला कागद दिसतो. मग एकदम ओली काळीकुट्ट अक्षरं, म्हणजे बुडवला. मग परत सुकत गेला. शाईचा हा चढउतार धरून तुम्ही बाराशे वर्षांनंतर त्याच्या मागोमाग जाऊ शकता, कुठे अडला, कुठे भरकन सुटला. शेवटच्या ओळींत अक्षरं एकमेकांत अडकून नुसता पसारा होतो, हाय रे दैवा अशा अर्थाची ठरलेली श्राद्धाची अक्षरं आहेत ती, पण ओळखू येत नाहीत.

तर बोरूबहाद्दर, तुम्ही विचारलंत की इस्त्रीवाला आणि रफ वहीवाला एकच का. मी तिथे शेजारीच शिलालेखांचे ठसे बघितले आणि माझं मत असं झालं की हो, एकच. कारण घाईतसुद्धा टोक रेघेच्या मधूनच चाललंय, गोलाई सुटलेली नाही, चौकटीची अक्षरं इथेही बाहेरच फुगतात. त्याला ते ठरवून करावं लागत नव्हतं.

दोन नंबर का म्हणाल तर एक नंबर वांग शीझीचा तो ऑर्किड मंडपवाला, तीन नंबर सू शीचा १०८२ चा, हद्दपारीत पावसात लिहिलेला. एक नंबरचं मूळ कुणीच बघितलेलं नाही, सगळ्या नकला. म्हणजे या तिघांत जो सर्वात जुना खरा हात शिल्लक आहे तो हा.

तिरकस_वाचक

@टोकियोत_सध्या भारी लिहिलंय. पण बघा हं, हा कागद थोर कारण तो दाखवायला लिहिलाच नव्हता, आणि शिलालेख थोर कारण ते दाखवायलाच लिहिले. समीक्षक मंडळींचं बरंय, दोन्हीकडून वाहवा.

बाकी यानचं मला सगळ्यात आवडणारं लिखाण ना निष्ठेचं ना शोकाचं. तांदूळ मागायचं पत्र आहे एक. ओळखीतल्या बड्या अधिकाऱ्याला लिहितो, मला संसार काही जमत नाही, घरचे सगळे कित्येक महिने पेज खातायत आणि आता तीही संपली, थोडे तांदूळ द्या. मंत्रिपदाच्या दर्जाचा माणूस! मूळ कागद गेला, दगडावरून घेतलेले ठसे आहेत.

शाईसांडली

मी इथे नवीन आहे, थोडं लिहिते. मी ठसे कसे काढतात ते शिकलेय, म्हणून दगडांबद्दल. ओला पातळ कागद दगडावर बसवतात, ब्रशनं ठोकून ठोकून खाचांमध्ये शिरवतात, मग कापडाच्या गोळ्यानं वरून शाई थापतात. खाचेत शाई जात नाही म्हणून अक्षर पांढरं, बाकी काळं. शतकानुशतकं एकाच दगडावर हे होत राहिलं की कडा झिजतात, रेघा बोथट होतात, आणि कधीकधी कुणी झिजलेली अक्षरं परत खोल करून ठेवतं, मग तर विचारूच नका. त्यामुळे प्रसिद्ध शिलालेखाचा सुंग काळातला ठसा आणि आजचा ठसा यात फार फरक असतो. स्तूपाच्या लेखाचं हेच झालंय.

यान छिनलीच्या लेखाची मजा ही की तो मधली कित्येक शतकं जमिनीत गडप होता, १९२२ मध्ये शीआनमध्ये खणताना सापडला, दोन तुकडे झालेला. मोडलेला पण न झिजलेला. त्या शतकांत कुणी ठसे घेऊन त्याला घासला नव्हता म्हणून आज सगळ्यात टवटवीत यान तिथेच दिसतो. मिंग-छिंग काळातल्या यानभक्तांच्या नशिबात तो नव्हता, आपल्या आहे.

आणि प्रभाव म्हणाल तर छापील पुस्तकं विसरू नका. सुंग काळात लाकडी ठोकळ्यांवर छपाई फोफावली तेव्हा ठोकळे कोरणाऱ्यांना नमुना म्हणून कुणाचं तरी वळण घ्यावं लागे, च-च्यांग प्रांताकडे ओउयांग श्युनचं, फूच्येनकडे ल्यू गोंगच्युआनचं आणि सचुआनकडे यानचं चालायचं असं सर्वसाधारणपणे सांगतात. म्हणजे धागाकर्त्याला यान फाँटसारखा दिसला त्याचं एक कारण हेही, फाँट त्याच्यावरून आले!

काळी_शाई

+१ शाईसांडली, स्वागत! विसाव्या शतकापर्यंत हे चालू आहे. थान यानखाय, चीनच्या प्रजासत्ताकातला मोठा नेता, तो यानचाच पाईक, नानचिंगला सुन यात-सेनच्या समाधीत जो भलामोठा शिलालेख आहे त्यावरची अक्षरं त्याची. लांबूनच यान ओळखू येतो.

बोरूबहाद्दर

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. तिन्ही लेख शेजारी ठेवून बघितले, ७४६ वाला खरंच कुणा दुसऱ्याचा वाटतो. तिरकस भाऊंचा मुद्दाही डोक्यातून जात नाहीये, कारण ती पुतण्याची गोष्ट वाचल्यावर मला तो कागद गोष्टीशिवाय बघताच येईना. ते एक असो.

आता कामाचं. गिरवायला स्तूपच चालू ठेवू की यान छिनलीवर उडी मारू? आणि शाई पसरते फार, रेघेचं पोट फुटतंय.

काळी_शाई

स्तूपच ठेवा. तुंग छिचांगची गोष्ट सांगते, सोळाव्या शतकातला, पुढे मिंग काळातला सगळ्यात मोठा कॅलिग्राफर झाला. सतराव्या वर्षी परीक्षा दिली, निबंध पहिल्या नंबरचा पण अक्षर खराब म्हणून परीक्षकानं दुसरा नंबर दिला. पोरगं चिडलं आणि लिहायला बसलं ते याच स्तूपाच्या लेखावरून. आणि त्याचं पुढचं अक्षर बघाल तर नाजूक, विरळ, यानशी काही संबंध वाटू नये असं. तेव्हा यान गिरवला म्हणजे जन्मभर जाडच लिहावं लागेल ही भीती नको. शिवाय स्तूपात नियम स्पष्ट दिसतात, छिनलीत तेच नियम तो मोडतो, आधी मोडायला काहीतरी हातात असायला हवं ना. सुंग काळातल्या ठशाची प्रत मिळवा मात्र, आत्ताच्या झिजलेल्या दगडाची नको.

पोट फुटतंय कारण तुम्ही बोरूच्या सवयीनं ब्रश आडवा निजवताय आणि थांबताय. दाबाल तेव्हा थांबू नका, थांबाल तेव्हा थोडं उचला. कच्चा श्वान कागद (चिनी हातकागद) सुरुवातीला वापरूच नका, तो शाई पितो, अर्धवट खळ दिलेला घ्या. ब्रश मिश्र केसांचा, नुसत्या बकरीच्या केसांचा फार मऊ पडतो नव्या हाताला.

टोकियोत_सध्या

यानचा एक प्रसंग आहे, तुमच्या रेघेला उपयोगी. ह्वायसू नावाचा तरुण भिक्षू, तुफान वेगानं लिहिणारा, तो यानला भेटला तेव्हा म्हणाला मी उन्हाळ्यातल्या ढगांकडे बघून शिकतो, भिंतीला गेलेल्या तड्यांकडे बघून शिकतो. यान म्हणाला, आणि छत गळून भिंतीवरून उतरणारा ओघळ? ह्वायसूनं उठून त्याचा हातच धरला. चहावर पुस्तक लिहिणारा लू यू, यानच्या ओळखीतला, त्यानं हे नोंदवून ठेवलंय. ओघळ सरळ सटकत नाही, अडत, साचत, मग पुढे सरकत येतो, तसा दाब.

शाईसांडली

कोकणात पावसाळा काढलेल्याला हे समजावून सांगायला नको 😄

बोरूबहाद्दर, आधी आठवडाभर फक्त आडवी आणि उभी रेघ काढा, अक्षर नको. आणि कागद वाळायच्या आत फोटो काढून इथे टाका, ओल्या शाईत दाब कुठे बदलला ते नीट दिसतं, वाळल्यावर सगळं एकसारखं काळं होतं.

बोरूबहाद्दर

टाकतो रविवारी. ब्रश बकरीचाच निघाला, बदलतो.